खिशातले गाणे आणि त्याचा जमाखर्च

गेल्या दसऱ्याच्या आधी घर आवरावयास काढले, तेव्हा जुन्या कपाटाच्या तळच्या खणात गाणी वाजविण्याची तीन लहान यंत्रे हाती लागली. पहिले वीस-बावीस वर्षांपूर्वीचे, काड्यापेटीहून थोडे मोठे, पोटात एक पेन्सिल सेल घेऊन चालणारे. दुसरे पत्त्यांच्या कॅटाएवढे, गुळगुळीत आणि हाताला जड. तिसरे सर्वांत अलीकडचे आणि सर्वांत देखणे. अंगठ्याएवढे, ज्याला कोठे सांधादेखील दिसू नये असे. वाण्याकडून एक सेल आणून पहिल्यात घातला, आणि ते लागलीच गाऊ लागले. दुसरे मुकेच राहिले. तिसऱ्याची पाठ फुगून आली होती. आतली बॅटरी सुजली होती. त्या तिसऱ्याला आवाज टिपण्याची सोय होती, आणि त्यातच माझ्या आईने म्हटलेली भोंडल्याची नऊ गाणी होती. आई आता नाही. ती गाणी दुसरीकडे कोठे उतरवून ठेवावीत हे मला तेव्हा सुचले नाही.

सर्वांत ओबडधोबड यंत्र जगावे आणि सर्वांत नाजूक ते आधी जावे, हा निव्वळ योगायोग की यात काही कार्यकारणभाव आहे, असा प्रश्न मनात राहिला, आणि त्याच्या पाठीमागे लागून या यंत्रांचा इतिहास धुंडाळला. इतिहास फार लांबलचक नाही. परंतु एखादी वस्तू लहान होते तेव्हा तिच्यातून काय काय वजा होते आणि त्या वजाबाकीचा भार अखेर कोणाच्या खात्यावर पडतो, हे त्यात फार स्वच्छ दिसते.

गाणे हिंडतेफिरते झाले ते या यंत्रांच्या पुष्कळ आधी. १९५४ साली अमेरिकेत रीजन्सी टीआर-१ हा पहिला विक्रीचा ट्रान्झिस्टर रेडिओ निघाला. त्यात अवघे चार ट्रान्झिस्टर होते. किंमत सुमारे पन्नास डॉलर. पण रेडिओवर आपल्या मनातले गाणे लागेलच असे नव्हे. ते सुख दिले जपानच्या सोनी कंपनीच्या वॉकमनने, १ जुलै १९७९ रोजी. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकावयाचे होते. वार्ताहरांसाठी केलेले एक छोटे ध्वनिमुद्रणयंत्र कंपनीपाशी होतेच. कारागिरांनी त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय आणि कर्णा काढून टाकला, दोन्ही कानांचे स्टीरिओ वादन घातले, आणि सोबत हलके हेडफोन दिले. जे यंत्र आवाज टिपत नाही ते कोण विकत घेणार, अशी शंका कंपनीतल्याच लोकांनी काढली. अकिओ मोरिता यांनी आग्रह सोडला नाही. पहिली तीस हजार यंत्रे ऑगस्ट संपेपर्यंत खपली. काढून टाकण्यातही शहाणपण असू शकते, हा धडा तेथे प्रथम मिळाला. पुढच्या मंडळींनी तो गिरविला; कधी कधी जरुरीपेक्षा जास्तच.

आता आकड्यांकडे वळू. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात आवाजाची मोजणी दर सेकंदास ४४,१०० वेळा होते, दर मोजणीस १६ बिट लागतात, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. म्हणजे मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट. नव्वदीच्या अखेरीस खिशातल्या यंत्रात परवडेल अशी मेमरी ३२ मेगाबाइट होती. तिच्यात या हिशेबाने जेमतेम तीन मिनिटे मावतात. वाचकांना आठवेल की जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूसही साधारण तेवढाच वेळ असे. गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यास ज्या तबकड्या गायिल्या, त्यांत अख्खा राग तीन मिनिटांत आटपावा लागत होता. म्हणजे शंभर वर्षे चालून आपण पुन्हा त्याच उंबरठ्यावर येऊन उभे!

त्यातून वाट काढली जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी. कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग हे त्यांतले अग्रगण्य. त्यांनी आधार घेतला तो माणसाच्या कानाच्या मर्यादेचा. मोठ्या स्वराच्या शेजारी, त्याच क्षणी उमटलेला बारीक स्वर कानाला जाणवत नाही. मग जे ऐकूच येत नाही ते साठवावे कशाला? या तत्त्वावर उभी राहिलेली पद्धत १९९३ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, आणि १९९५ च्या जुलैत तिच्या फायलींना ‘एमपी३’ हे शेपूट चिकटविण्याचे ठरले. सेकंदाला १,२८,००० बिट ठेवले, तर मूळच्या अकरा भागांपैकी एकच भाग उरतो. ३२ मेगाबाइटांत तीन मिनिटांऐवजी अर्ध्या तासाहून थोडे अधिक संगीत मावू लागले.

अर्थात यातही वजाबाकी होतीच. वाद्यांशिवाय गाइलेल्या मोकळ्या आवाजावर आरंभीची चूक चटकन उघडी पडे. म्हणून ब्रान्डेनबुर्ग यांनी सुझॅन व्हेगा या गायिकेचे एक गीत कसोटीसाठी वारंवार वापरले. दुसरी अडचण तीव्र आघातांची. चिपळ्यांसारखा कोरडा, टोकदार ठोका असला, तर बिट अपुरे पडल्यास त्या ठोक्याच्या क्षणभर आधीच एक पुसट कुजबुज उमटते. लहान फाइल की निर्मळ ठोका, हा सौदा प्रत्येक वेळी करावा लागतो. आणि ऐकणाऱ्याच्या वतीने तो बहुधा दुसराच कोणी करून मोकळा झालेला असतो.

१९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचे ‘एमपीमॅन’ आले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचे ‘रिओ’. दोहोंत ३२ मेगाबाइट. रिओ एका पेन्सिल सेलवर चाले. आत फिरणारा एकही भाग नव्हता, म्हणून धावताना धक्का बसला तरी गाणे अडखळत नसे. उणीव एकच, आठ-दहा गाण्यांपलीकडे पोटात जागा नाही. अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघाने रिओविरुद्ध दावा लावला. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. त्या निकालपत्रात यंत्राचे वर्णन आहे ते लक्षात ठेवण्याजोगे : रिओमध्ये गाणे संगणकातून आत जाते, परंतु तेथून परत संगणकात किंवा दुसऱ्या यंत्रात जाऊ शकत नाही. एकाच बाजूने उघडणारे दार! चोरीला आळा बसावा म्हणून असे दार ठेवणे समजू शकते. मात्र आतला माल घरधन्याचाच असेल तर त्याने काय करावे, हा विचार त्या दाराच्या सुताराला पडत नाही.

जागेच्या टंचाईवर दुसरा तोडगा होता तो संगणकातल्या हार्ड डिस्कचा. १९९९ साली ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’ नावाचे यंत्र निघाले, त्यात ४.८ गिगाबाइटची डिस्क, म्हणजे रिओच्या जवळजवळ दीडशेपट जागा. पुढच्या वर्षी क्रिएटिव्ह कंपनीचे ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’ आले, सहा गिगाबाइटचे. पण डिस्क सतत फिरती ठेवावयाची तर बॅटरी भराभर संपते, आणि नोमॅडला चार पेन्सिल सेल लागत. गाणी मुबलक झाली, पण यंत्र खिशातून बाहेर पडले!

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड दाखविला, तो या दोन टोकांच्या मधला मार्ग होता. तोशिबाने नुकतीच घडविलेली १.८ इंची डिस्क त्यात होती. जागा ५ गिगाबाइट, वजन १८४ ग्रॅम, किंमत ३९९ डॉलर. खरी युक्ती मात्र बाहेरून दिसत नव्हती. डिस्कच्या जोडीला ३२ मेगाबाइटची मेमरी घातली होती. डिस्क थोडा वेळ फिरे, पुढची वीसएक मिनिटांची गाणी त्या मेमरीत ओतून ठेवी आणि निजून जाई. विहिरीवरून हंडा भरून आणावा आणि दिवसभर त्यातून तांब्याने पाणी घ्यावे, तसे. त्यामुळे बॅटरी दहा तास पुरे, आणि चालताना धक्का बसला तरी गाणे तुटत नसे. तीन वर्षांपूर्वी ज्या ३२ मेगाबाइटांत अख्खे यंत्र सामावले होते, तेवढी मेमरी आता नुसता हंडा झाली होती.

हजार गाणी झाली की ती शोधणे हाच उद्योग होऊन बसतो. आयपॉडने त्यावर बोटाने फिरवावयाचे चाक दिले. त्याच सुमारास सोनी काय करीत होती? खिशातल्या गाण्याचा शोध जिचा, त्या कंपनीने स्वतःच्या ‘अ‍ॅट्रॅक’ पद्धतीचा आग्रह धरला. एमपी३ फाइल असली तर आधी तिचे रूपांतर करा, मग ती यंत्रात घाला. हा हट्ट २००४ पर्यंत चालला. तोवर बाजार हातचा गेला होता.

आता पेन्सिल सेलकडे येऊ. या सेलचा व्यास १४.५ मिलिमीटर, तो ज्यात घालावयाचा त्या यंत्राची जाडी त्याखाली जाणे शक्यच नाही. लिथियमची बॅटरी मऊ पिशवीत भरता येते, हवी तितकी चपटी करता येते, पुन्हा पुन्हा भारता येते. पातळ यंत्र हवे तर तिला पर्याय नव्हता. पण तिचे आयुष्य ठरावीक असते. वापराने आणि वयाने ती क्षीण होते, कधी आत वायू साठून फुगते; आणि आवरण जर न उघडणारे असेल, तर बॅटरीचे मरण ते यंत्राचेही मरण. २००३ साली न्यूयॉर्कच्या नाइस्टॅट बंधूंनी याच तक्रारीवर एक छोटा चित्रपट काढला, आणि त्याच सुमारास ॲपलने ९९ डॉलरांत बॅटरी बदलून देण्याची सोय जाहीर केली.

पुढची लढाई फ्लॅश मेमरीने जिंकली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली ही मेमरी आता स्वस्त होत चालली होती. जानेवारी २००५ मध्ये २२ ग्रॅमचा, बिनपडद्याचा आयपॉड शफल आला, सप्टेंबरात नॅनो. डिस्कचे राज्य संपत आले. मग लहानपणाची चढाओढ लागली, आणि मार्च २००९ मध्ये तिने टोक गाठले. नवा शफल केवळ १०.७ ग्रॅमचा, त्याच्या अंगावर गाणी चालविण्याचे एकही बटण नव्हते. बटणे गेली हेडफोनच्या वायरीवर. परिणाम असा की साधा हेडफोन लावला तर गाणे मागेपुढे करता येईना, की आवाज कमीजास्त करता येईना. दीड वर्षात, सप्टेंबर २०१० मध्ये, कंपनीने बटणे परत अंगावर आणली, आणि यंत्र दोनएक ग्रॅमांनी जड झाले. यंत्राला आकुंचन पावण्यास सीमा नसेल. माणसाच्या अंगठ्याला आहे.

आपल्या संगीताच्या वाट्याला आणखी एक वजाबाकी आली. एमपी३ फाइलीत नावगाव लिहिण्याची जी पहिली पद्धत रूढ झाली, तिच्यात गाण्याच्या नावाला तीस अक्षरांची जागा होती, आणि तीही रोमन लिपीपुरती. शुद्ध कल्याण, विलंबित एकताल असे रोमनमध्ये लिहावयास घेतले, तर एकताल लिहून होईतो जागा जवळजवळ संपते! गायक, संग्रह, गीत असे रकाने होते. रागाला रकाना नाही, तालाला नाही, साथीदारांना तर नाहीच. शिवाय एमपी३चे मोजमाप ठरावीक तुकड्यांनी चालते, म्हणून फाइलीच्या दोन्ही टोकांस थोडी निःशब्द भर पडते. सुटी गाणी ऐकणाऱ्याला ती खुपत नाही. पण विलंबित संपून द्रुत सुरू होते ती जागा दोन फाइलींत विभागली असेल, तर ऐन समेपाशी ठेच लागावी तसे होई. आयपॉडवर हा खंड भरून निघाला तो २००६ साली. यात द्वेष कोणाचाच नव्हता. आराखडा करणाऱ्यांच्या कानात तीन-चार मिनिटांचे गीत होते, इतकेच.

१० मे २०२२ रोजी ॲपलने शेवटच्या आयपॉडची निर्मिती थांबविली. खिशातले गाणे आता फोनमध्ये वस्तीला गेले आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खिशात नसतेच. दूरच्या गोदामातून मागवून घेतले जाते, वर्गणी थांबली की थांबते. गाणी अगणित झाली, वजन शून्यावर आले. ताबा तेवढा गेला.

या साऱ्या इतिहासावरून जुने तेवढे चांगले असा निष्कर्ष मी काढणार नाही. पेन्सिल सेलच्या त्या ठोकळ्यात आईचा आवाज टिपण्याची सोयच नव्हती. ती दिली त्या नाजूक यंत्रानेच. पदरात खुशीने राहील एवढे लहान ते होते, म्हणून तर स्वयंपाकघरात फेर धरून गाताना तिला त्याचा संकोच वाटला नाही. घेतलेल्या प्रत्येक सुखाची किंमत असते, याला माझी हरकत नाही. किंमत आधी सांगावी, एवढेच मागणे आहे. खरेदीच्या दिवशी डब्यावर वजन लिहिलेले होते, जाडी लिहिलेली होती. याचे आयुष्य किती आणि हे उघडते कसे, या दोन गोष्टी लिहिलेल्या नव्हत्या.

दसऱ्यानंतर ते यंत्र घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने भिंग लावून पाहिले, आणि म्हणाला, “काका, हे डिंकाने चिकटवलंय. उघडताना पडदा नक्की फुटणार. बॅटरी काढून, बाहेरून वीज दिली तर आतलं कदाचित वाचेल. पण यंत्र काही परत मिळायचं नाही. काय करू?”

एवढ्या वर्षांत या यंत्राबद्दलचा एक तरी सौदा मला विचारून होत होता. मी म्हटले, “फोडा.”

नवांपैकी सात गाणी मिळाली. ती आता तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहेत.