पेठेचा फुटबॉल, धर्माचं क्रिकेट

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे एकच शब्द दोन तासांना दोन वेगळे अर्थ घेऊन समोर येतो, याची सवय झाली आहे. 'तालीम' हा त्यातला माझा आवडता शब्द. उर्दूच्या तासाला तालीम म्हणजे शिक्षण. इल्म, आलिम, मुअल्लिम यांच्याच घराण्यातला. मराठीच्या तासाला तोच शब्द लाल मातीत उतरतो, लंगोट कसतो, नाहीतर नाटकाचा सराव करायला लागतो. कोल्हापुरात मात्र त्याचा आणखी एक अर्थ आहे. तो मला बी.एड.च्या वसतिगृहात कळला. शिवाजी पेठेतला एक मित्र सकाळी तोंड पाडून बसला होता. विचारलं तर म्हणाला, "आमची तालीम हरली." मी म्हटलं, कुस्तीत का? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी महाराष्ट्राबाहेरचाच. "अरे, फुटबॉलमध्ये!"

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्तीच आठवते, आणि त्यात चूक काही नाही. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप प्रवासात रोमचं जुनं गोल क्रीडांगण पाहिलं आणि 1912 साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पण त्याच शहरातल्या तालमींनी पुढे फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही सगळी फुटबॉल संघांची नावं आहेत. दिलबहार हे नाव ऐकून मला मुशायऱ्याची आठवण होते, आणि हे गडी मैदानात पायाला पाय भिडवतात. या सगळ्यांची लीग भरवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे तिथल्या बोलीत 'केएसए', 1940 साली स्थापन झाली. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या मित्राबरोबर मी एकदा शाहू स्टेडियमवर सामना पाहिला. इतर शहरांत माणूस संघ निवडतो. कोल्हापुरात तो संघात जन्मतो. ज्या गल्लीत घर, ती तालीम. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ ही चुरस तर घराघरात चालते. लेक एका पेठेतली आणि जावई दुसऱ्या पेठेतला असेल तर सामन्याच्या दिवशी जेवणाच्या ताटावरसुद्धा टोमणे. विश्वचषक आला की याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना होतात आणि चौकाचौकात खेळाडूंचे उंच कटआउट उभे राहतात.

मित्राने सांगितलेली शाळेची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली. शाळेच्या संघात दोन्ही पेठांची पोरं असायची. जिल्हा पातळीच्या सामन्यात एकमेकांना पास देणारी हीच पोरं पुढे तालमीच्या जर्सीत समोरासमोर उभी राहायची. समोरचा कोणत्या पायाने मारतो, कुठे घसरतो, चिडला की काय करतो हे सगळं ठाऊक. शत्रू असा बाकावरचा शेजारी असला की त्याच्याबद्दल वाटेल ते खोटं पसरवता येत नाही. याच शहरातून आलेला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा पेठ कुठली हे विचारायचं भान कोल्हापुरात कुणाला राहिलं असेल असं वाटत नाही. (मित्राच्या मते मात्र पहिला प्रश्न तोच होता.)

चित्र सगळंच गोड नाही. समर्थकांची हुल्लडबाजी, दगडफेक, पोलीस बंदोबस्तात होणारे सामने, स्पर्धा अर्ध्यावर थांबवण्याची वेळ, हे कोल्हापूरने बघितलेलं आहे. ईर्ष्या ती ईर्ष्याच. पण ईर्ष्येची रेघ मैदानावर कुठून मारायची, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तिथे कोल्हापूरपासून थोडं मुंबईकडे यावं लागतं.

मुंबईत त्याच काळात मोठी चुरस होती क्रिकेटची, आणि तिथे रेघ धर्माची होती. युरोपियन आणि पारशी यांच्यातल्या सामन्यांपासून सुरुवात झाली. 1907 साली हिंदू संघ आला, 1912 साली मुस्लिम आले आणि चौरंगी स्पर्धा झाली. 1937 साली 'द रेस्ट', म्हणजे उरलेसुरले, असा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या उरलेल्यांत. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांनी 387 पैकी एकट्याने 309 धावा काढल्या, तरी संघ हरला. असा खेळाडू घडला आणि त्याचा पत्ता काय, तर 'बाकीचे'! हिंदू संघाच्या आतली गोष्टही वेगळी नव्हती. पळवणकर बाळू हा त्या काळातला थोर गोलंदाज, पण दलित म्हणून कर्णधारपद त्याला मिळालं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल 1923 साली कर्णधार झाला, तोही बराच झगडा झाल्यावर.

1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घ्यायला गेली. कॉलेजांनी कॉलेजांशी, संस्थांनी संस्थांशी खेळावं हे आपल्याला समजतं, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी ते कळत नाही, अशा आशयाचं त्यांनी सांगितलं. स्पर्धा तरीही 1946 पर्यंत रेटली गेली. म्हणजे मुंबईत धर्मवार संघांवर वाद पेटला होता त्याच वर्षी कोल्हापुरात केएसए उभी राहत होती. योगायोगच आहे, पण मला तो वर्गात सांगायला आवडतो.

पेठेच्या रेघेचा फायदा असा की तिच्या आत सगळे येतात. 2018 ते 2020 अशी तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा कोल्हापुरातल्या काही तालमींत गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसले. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटलं. तिथे ती जुनी वहिवाट आहे. आणि त्याच शहरात 7 जून 2023 रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगड पडले, इंटरनेट तोडलं गेलं. मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "पेठेतली भांडणं आम्हाला कळतात रे. हे कुठून आलं?" मला त्याला उत्तर देता आलं नाही. पेठेचा फुटबॉल दंगल थांबवतो असा दावा मी करणार नाही. एवढंच दिसतं, की माणसाला दोन रेघांची सवय असेल तर एकीवर सगळा जीव टांगला जात नाही.

आमच्या सोनिवलीत पेठा नव्हत्या. माझ्या लहानपणी भात कापून झालं की खाचरात रबरी चेंडूने सामने व्हायचे. बांध म्हणजे बाहेरची रेघ आणि धसकटं पायाला टोचायची. विरुद्ध बाजूला कायम शेजारचं गाव. आता बदलापूर एवढं वाढलं की खाचरांवर इमारती आहेत आणि शेजारचं गाव कुठे संपतं ते रिक्षावाल्यालाच माहीत. माणसं आली कुठून कुठून, पण कोणाविरुद्ध खेळायचं ते ठरलेलं नाही.

15 सप्टेंबर 2017 रोजी महाराष्ट्रभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचा सरकारी उपक्रम झाला. आमच्याकडेही चेंडू आले. उपक्रम संपला, चेंडू उरले. कुणीतरी सुचवलं की वार्षिक सामना ठेवू, उर्दू माध्यम विरुद्ध मराठी माध्यम. एकाच इमारतीत दोन पाळ्या, संघ आपोआप तयार, सोयीचंच होतं. सुचवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी स्टाफरूममध्ये पंचरंगीची गोष्ट सांगितली, हजाऱ्यांचे 309 सांगितले. एक सहकारी म्हणाले, "सर, दहा मिनिटांच्या हाफसाठी एवढा इतिहास?" हसलो सगळे. पण संघ बदलले. स्टेशनच्या पूर्वेकडची मुलं एका बाजूला, पश्चिमेकडची दुसऱ्या.

पहिल्या वर्षी कुणालाच फारसं वाटलं नाही. पूर्व-पश्चिम म्हणजे काय, रेल्वेचा पूल! तिसऱ्या वर्षी पश्चिमेच्या पोरांनी वर्गणी काढून टी-शर्ट रंगवले. आता जानेवारी लागला की वर्गात व्याकरण चालत नाही. पश्चिमेचा गोली सध्या माझ्या उर्दूच्या वर्गातला आहे, त्याच्यापुढे खेळणारा डिफेंडर दुपारच्या मराठी पाळीतला. गेल्या वेळी पूर्वेने दोन गोल चढवले, आणि ते कोणामुळे झाले यावर दोघांचं भांडण पाळी सुटताना फाटकाशी रोज चालू असतं.