‘आधीची’ माती आता कुठून आणायची? पिंपरी ते चाकण

जड धातूंचा मातीतल्या अपृष्ठवंशीय जीवांवर होणारा परिणाम, असा विषय घेऊन पिंपरी-चिंचवडमध्ये काम करायचं ठरवलंत, तर सिनॉप्सिसच्या वेळी एक प्रश्न हमखास येईल: प्रदूषणाआधी इथे कोणते जीव होते? कारखान्यांआधीची माती तर आता कोणी आणून देणार नाही. मग तुलना कशाशी करायची? म्हणूनच नमुने घेण्याआधी या पट्ट्याचा इतिहास वाचायला हवा.

दोन वयांची माती

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्याच दशकात टेल्को, बजाज ऑटो इथे आल्या. त्यांच्यामागून भोसरी-चिंचवड भागात सुटे भाग बनवणारी असंख्य छोटी युनिट्स आली. प्लेटिंगच्या कामातून क्रोमियम, निकेल, जस्त असे धातू सांडपाण्यात उतरतात. पण पाणी प्रदूषणाचा कायदा आला १९७४ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये आणि घातक कचऱ्याचे नियम थेट १९८९ मध्ये. म्हणजे पहिली पंचवीसेक वर्षं कचऱ्यावर खास नियमच नव्हते.

चाकणची गोष्ट वेगळी. बजाजचा तिथला कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. शिसंयुक्त पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं. त्यामुळे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकडेच्या मातीत कित्येक दशकांचं शिसं पडलंय, तर चाकणची बरीचशी वर्दळ त्यानंतरची. वीसेक किलोमीटरच्या आत, एकाच बेसाल्ट खडकावर, दोन वेगवेगळ्या वयांचं प्रदूषण! तुलनेसाठी ही चांगली संधी आहे. फक्त जमिनीचा वापर सारखा आहे ना, ते तपासा. शेत आणि कंपनीच्या भिंतीलगतचं गवत यांची तुलना करून उपयोग नाही.

आकडा कोणाचा: खडकाचा की कारखान्याचा?

दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. परदेशी मर्यादा लावून ‘माती दूषित’ म्हणालात, तर दोष कदाचित खडकाचा निघेल. उलट ‘हे सगळं नैसर्गिकच’ म्हणालात, तर खरं प्रदूषण सुटून जाईल. दोन्हीकडून नुकसान तिथे राहणाऱ्यांचंच. शिसं आणि कॅडमियम बेसाल्टमध्ये कमी असतं, त्यामुळे ते वाढलेलं दिसलं तर माणसाच्या हाताचा संशय घ्यायला जागा आहे. आणि फक्त एकूण क्रोमियम मोजून थांबू नका. प्लेटिंगमधलं सहा-संयुजी क्रोमियम खडकातल्या तीन-संयुजी क्रोमियमपेक्षा फार विषारी असतं.

एव्हनमाउथचा धडा

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ एव्हनमाउथला जस्ताचा स्मेल्टर होता. १९९० च्या दशकात स्पर्जन आणि हॉपकिन यांनी त्याच्या आसपासची गांडुळं अभ्यासली. स्मेल्टरच्या अगदी जवळ गांडुळं सापडली नाहीत. पण प्रयोगशाळेतल्या कृत्रिम मातीत जस्त जितकं घातक दिसलं, तितकं ते प्रत्यक्ष जमिनीत नव्हतं, कारण तिथे बराच धातू मातीला घट्ट धरून बसलेला होता.

ती प्रमाणित कृत्रिम माती म्हणजे ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन चिकणमाती, १० टक्के पीट आणि सामू ६ च्या आसपास. आपली काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची, बहुधा अल्कधर्मी. तिच्यात धातू वेगळेच वागणार. म्हणून पुस्तकातला एलसी-५० उचलून इथे चिकटवू नका, चाचणी स्थानिक मातीतच करा.

शिवाय नुसती गांडुळं मोजून भागत नाही. टलग्रेन फनेलने स्प्रिंगटेल आणि माइट्सही काढा. एकूण संख्या तीच राहते, पण नाजूक प्रजाती जाऊन चिवट प्रजाती वाढलेल्या असतात. खरा बदल प्रजातींच्या यादीत दिसतो.

मग सुरुवात कुठून?

जागा निवडताना तिथे कोणत्या साली काय सुरू झालं, याचा तक्ता बनवा. एमआयडीसीचे नकाशे, जुनी उपग्रहचित्रं, गावातले जुने शेतकरी, सगळे कामाला येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगार गोदामं, पत्र्याची शेड्स मोठ्या प्रमाणावर पाडली. अशा ठिकाणी वरचा उद्योग जातो, मातीतला धातू राहतो. तिथे आज कोणते जीव आहेत हे कोणी नीट नोंदवून ठेवलं, तर वीस वर्षांनी येणाऱ्या संशोधकाकडे ‘आधीची’ नोंद तरी असेल.