‘नको’ आणि ‘नक्को’ : कराचीच्या लोकजीवनाविषयीचे आपले कुतूहल

१

सीमेपलीकडचे लोक घरात कसे बोलतात, जेवणात काय घेतात, लग्नघरी कसे वागतात हे जाणण्याची इच्छा सामान्यतः रिकामपणाची समजली जाते. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला तह, युद्धे आणि सत्तांतरे महत्त्वाची वाटतात. दूरदर्शनमालिकेतील नायिकेचा पोशाख किंवा तिच्या घरातील फोडणी यांची तो दखल घेत नाही. परंतु कुतूहल हेही इतिहासाचे एक साधन होय. ते कशाविषयी वाटते आणि कशाविषयी वाटत नाही, यावरून ते बाळगणाऱ्या समाजाविषयी पुष्कळ काही कळू शकते. प्रस्तुत लेखात एका लहानशा मराठी शब्दाच्या आधाराने पाकिस्तानातील, विशेषतः कराचीतील, लोकजीवनाविषयीच्या आपल्या कुतूहलाची एक बाजू तपासावयाची आहे. तो शब्द म्हणजे ‘नको’.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते वर्गातील एका साध्या प्रसंगाने. बोली आणि प्रमाणभाषा यांचा संबंध शिकवीत असता सोलापुरातच वाढलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पाकिस्तानी मालिकांत बोलतात ती खरी उर्दू. आमच्या घरची बिघडलेली आहे. आम्ही ‘नक्को’ म्हणतो.” ती हे सहज बोलून गेली, वर्गही सहज हसला. त्या हसण्यात आपल्या भूतकाळाविषयीचे केवढे अज्ञान दडलेले आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

या कुतूहलाचा अलीकडचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. पाकिस्तानातील दूरदर्शनचा आरंभ नोव्हेंबर १९६४ मध्ये लाहोर येथे झाला. तेथील मालिका भारतातील शहरांत पोचल्या त्या मुख्यतः १९८० नंतरच्या दशकात, चित्रफितींच्या द्वारा. हसीना मोईन यांनी लिहिलेल्या ‘तनहाइयाँ’ (१९८५) व ‘धूप किनारे’ (१९८७) या मालिका हातोहात फिरत. मेहदी हसन व गुलाम अली यांच्या गझलांच्या ध्वनिफिती त्याच काळात घराघरांत होत्या. पुढे २०११ मध्ये ‘धूप किनारे’वर बेतलेली ‘कुछ तो लोग कहेंगे’ ही हिंदी मालिका निघाली आणि जून २०१४ मध्ये ‘जिंदगी’ ही वाहिनी सुरू होऊन ‘जिंदगी गुलजार है’, ‘हमसफर’ यांसारख्या मालिका उघडपणे पाहता येऊ लागल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये उरी येथील हल्ल्यानंतर त्या वाहिनीने पाकिस्तानी मालिका बंद केल्या. मे २०२५ मध्ये, पहलगाम येथील हत्याकांडानंतर, भारत सरकारने महाजालावरील प्रसारणसंस्थांनाही पाकिस्तानी सामग्री काढून टाकण्याची सूचना दिली.

दार असे अनेकदा उघडले आणि अनेकदा मिटले. त्यामागील राजकीय कारणांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, दार उघडे असताना प्रेक्षकांनी ज्या गोष्टींची वाखाणणी केली तीत भाषेचा क्रमांक फार वरचा होता. ही भाषा म्हणजे पाकिस्तानची घरगुती भाषा, असा समज त्यातून रूढ झाला. वस्तुस्थिती निराळी आहे. पाकिस्तानच्या २०१७ च्या जनगणनेनुसार उर्दू मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण सुमारे सात टक्के होते. बहुसंख्यांच्या घरी पंजाबी, पश्तो, सिंधी, सराइकी वा बलोची बोलली जाते. उर्दू ही तेथील राष्ट्रभाषा खरी. पण तिचे प्राबल्य सुखासुखी मान्य झालेले नाही. ढाक्यातील २१ फेब्रुवारी १९५२ चा गोळीबार आणि सिंधमधील १९७२ चे भाषिक दंगे यांवरून हे स्पष्ट होते. मालिकांतील उर्दू ही प्रायः कराची-लाहोरच्या सुशिक्षित वर्गाची, लेखकांनी घडविलेली भाषा आहे. कराचीत ती नांदू लागली ती प्रामुख्याने १९४७ नंतर भारतातून गेलेल्या कुटुंबांमुळे. आणि त्यांपैकी काही कुटुंबे आपल्या दख्खनमधून गेलेली होती.

३

येथे एक जुनी गोष्ट आठवणे इष्ट होईल. कराची हे मराठी माणसाला नेहमीच परके गाव होते असे नाही. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडण्यात आला आणि १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा झाला. सुमारे नव्वद वर्षे सोलापूर आणि कराची ही एकाच इलाख्यातील गावे होती. कराचीचे दयाराम जेठमल कॉलेज १८८७ मध्ये निघाले तेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन. कराचीतील जुन्या बंदर रोडवर आजही उभी असलेली नारायण जगन्नाथ हायस्कूल ही शाळा १८५५ मध्ये स्थापन झाली. जिच्या नावाने ती ओळखली जाते ती व्यक्ती म्हणजे सिंधच्या शिक्षणखात्यातील अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य. १८६८ मध्ये व्यापारी वर्गात चालणाऱ्या खुदाबादी लिपीला शिस्त लावून ती शाळांसाठी सिद्ध करण्याचे काम मुंबई सरकारने त्यांच्याकडे सोपविले होते. अरबी वळणाची सिंधी लिपी १८५३ मध्येच निश्चित झालेली असल्याने हा प्रयत्न फारसा टिकला नाही. तथापि एका मराठी माणसाने सिंधी लिपीचा विचार करावा, यात त्या काळी कोणाला नवल वाटले नव्हते. जेथे जाणे-येणे असते तेथे कुतूहलाला फारसा वाव नसतो. जाणे-येणे थांबले म्हणजे कुतूहल वाढते, आणि त्याबरोबर गैरसमजही.

४

आता मूळ शब्दाकडे वळू. मराठीतील ‘नको’ हे अपूर्ण क्रियापद आहे. ‘तू जाऊ नकोस’, ‘तुम्ही जाऊ नका’ अशी पुरुष-वचनांची रूपे त्याला होतात. त्याचे दुसरेही एक कार्य आहे : ‘मला चहा नको’ या वाक्यात ते निषेधाऐवजी अनिच्छा दाखविते. प्रमाण उर्दूत या दोन कार्यांसाठी दोन निरनिराळ्या रचना लागतात. निषेधासाठी ‘मत जाओ’ आणि अनिच्छेसाठी ‘मुझे चाय नहीं चाहिए’. दखनीत मात्र ‘नक्को जाओ’ आणि ‘मेरेकू चाय नक्को’ अशी दोन्ही कामे एकच शब्द करतो. म्हणजे दखनीने मराठीचा नुसता शब्द उचलला नाही. त्याचा व्याकरणातील संपूर्ण अधिकार उचलला. रूपे मात्र टाकून दिली. मराठीत आदर ‘नका’ या रूपात असतो. दखनीत ‘नक्को’ अविकारी राहतो आणि आदराचा भार ‘जा’ की ‘जाओ’ यावर पडतो. अशी देवघेव बाजारातील तात्पुरत्या ओळखीतून होत नाही. तिच्यासाठी पिढ्यानपिढ्यांचा शेजार लागतो.

‘नक्को’ एकटा नाही. ‘मीच’, ‘तेथेच’ यांतील जोर देणारा ‘च’ दखनीत ‘मैंच’, ‘वहींच’ असा नांदतो. ‘येतो म्हणून सांगितले’ या रचनेतील ‘म्हणून’चे काम दखनीत ‘बोलके’ करतो; आणि अशीच रचना कन्नड व तेलुगू या शेजारच्या भाषांतही आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी या चारही भाषा एका पेठेत ऐकू येणाऱ्या सोलापुरात हे वेगळे सिद्ध करून दाखविण्याची गरज नाही.

या शेजाराचा काळही आपल्याला ठाऊक आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापना झाली आणि गुलबर्गा ही त्याची राजधानी झाली. ते सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटर. पुढे विजापूर व गोवळकोंडा येथे दखनीला राजाश्रय मिळाला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने गीते रचली ती याच भाषेत, आणि गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने १६३५ मध्ये ‘सबरस’ हा गद्यग्रंथ लिहिला. संत एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’तील तुर्क जे बोलतो ते याच बोलीचे जवळचे रूप आहे. उत्तरेत उर्दूला साहित्यिक प्रतिष्ठा लाभण्यापूर्वी दक्षिणेत दखनीचे ग्रंथ रचले जात होते. ‘बिघडलेली उर्दू’ हे वर्णन म्हणूनच इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. थोरल्या बहिणीला धाकटीचे बिघडलेले रूप म्हणण्यासारखे ते आहे.

५

हा शब्द कराचीला कसा गेला? त्याचा प्रवास सुखाचा नव्हता. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे हैदराबाद संस्थानाच्या सीमेवरील गावांतून पुष्कळ कुटुंबे सोलापूर जिल्ह्यात आली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत पोलीस कारवाई होऊन संस्थान संपले. त्यानंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना पोचली, असे सुंदरलाल समितीने नमूद केले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि गुलबर्गा हे तर सोलापूरला लागून असलेले जिल्हे. आधीच्या लाटेत एका धर्माची आणि नंतरच्या लाटेत दुसऱ्या धर्माची घरे मोडली. बोली मात्र दोन्ही लाटांत तीच होती. त्या उलथापालथीत हैदराबाद संस्थानातील अनेक कुटुंबांनी कराचीची वाट धरली.

कराचीत मध्यवर्ती कारागृहाजवळ ‘हैदराबाद कॉलनी’ वसली. ‘बहादुराबाद’ या वस्तीला हैदराबादचे पुढारी बहादुर यार जंग यांचे नाव असून तेथील चौकात चारमिनारची प्रतिकृती आहे. (सिंधमध्ये हैदराबाद नावाचे दुसरेही शहर आहे, त्याचा या नावांशी संबंध नाही.) हैदराबाद कॉलनीची कराचीतील ख्याती मुख्यतः खाद्यपदार्थांची : लोणची, चिंचेची खट्टी दाल, मिरचीचे सालन आणि बगारे बैंगन. या शेवटच्या पदार्थात वांगी शिजतात ती शेंगदाणे, तीळ व सुके खोबरे यांच्या वाटणात, चिंचेच्या कोळासह. सोलापुरातील कोणत्याही गृहिणीला हे वर्णन ऐकविले तर ती त्यास परदेशी पदार्थ म्हणणार नाही. मसाल्यात थोडा फरक करून ती त्याला भरल्या वांग्यांच्या पंक्तीला बसवील.

करमणुकीच्या क्षेत्रातही हा धागा सापडतो. पाकिस्तानी दूरदर्शनच्या आघाडीच्या लेखिका फातिमा सुरैया बजिया (मृत्यू २०१६), ‘आंगन टेढा’ (१९८४) या विनोदी मालिकेचे लेखक अन्वर मकसूद, आणि पाककृती व घरगुती उपाय सांगून घरोघरी पोचलेल्या झुबैदा तारिक (मृत्यू २०१८) ही सख्खी भावंडे. तिघांचाही जन्म दख्खनमधील हैदराबाद संस्थानातला. त्यांचे लेखन व निवेदन प्रमाण उर्दूतील आहे, दखनीतील नव्हे. पण म्हणूनच ते उदाहरण बोलके आहे. दख्खनमधून गेलेली माणसे पडद्यावर आली. दख्खनची बोली मात्र घरात राहिली.

अलीकडच्या तीरावरही तिची गत निराळी झाली नाही. ‘गुमनाम’ (१९६५) या हिंदी चित्रपटात मेहमूद यांनी दखनी बोलणारा नोकर रंगविला आणि प्रेक्षक पोट धरून हसले. तेव्हापासून ‘नक्को’ हा शब्द आपल्या पडद्यावर हशासाठीच राखून ठेवल्यासारखा झाला. ज्या बोलीत राजांनी काव्य केले ती नोकराच्या तोंडी शोभावी, हा प्रतिष्ठेचा खेळ आहे. भाषेच्या गुणदोषांशी त्याचा संबंध नाही.

येथे एका थोर अभ्यासकाचे स्मरण करणे अवश्य आहे. मौलवी अब्दुल हक यांचे दीर्घकाळ वास्तव्य औरंगाबादेस होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्य त्यांनी तेथूनच चालविले, ‘सबरस’सारखे दखनी ग्रंथ संपादून प्रकाशात आणले आणि मराठीवरील फारसीच्या परिणामाविषयी उर्दूत पुस्तकही लिहिले. त्याच सुमाराच्या पिढीत माधवराव पटवर्धनांनी आपला फार्शी-मराठी कोश (१९२५) सिद्ध केला होता. फाळणीनंतर अब्दुल हक कराचीस गेले व १९६१ मध्ये तेथेच वारले. तेथे ते ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून पूज्य ठरले. पण उर्दूच्या अभिमानापोटी त्यांनी बंगालीला राष्ट्रभाषेचे स्थान देण्यास विरोध केला. मराठी आणि दखनी यांची वीण ज्याने जवळून पाहिली, त्यालाच दुसऱ्या प्रदेशात एकाच भाषेचा आग्रह धरावासा वाटला. विद्वत्ताही राजकारणापुढे कशी वाकते, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

६

स्थलांतरितांची बोली दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत मागे पडते आणि शाळेची भाषा घरात शिरते, हे सर्वत्र आढळते. कराचीतील दखनीलाही यातून सुटका असण्याचे कारण नाही. तेथे जाऊन तिची नोंद करणे आजच्या परिस्थितीत आपल्या अभ्यासकांना जवळजवळ अशक्य आहे. परंतु जी बोली तेथे ऐकता येत नाही ती येथे, आपल्या विद्यापीठाच्या परिसरात, दररोज ऐकू येते. ती ऐकण्यासाठी पारपत्र लागत नाही. शेजारच्या गल्लीत जावे लागते.

कराचीच्या दिवाणखान्यात काय चालते हे जाणून घेण्यात काहीच गैर नाही. उलट, शत्रू म्हणून रंगविलेल्या देशातील माणसे सासू-सुनांच्या आणि घरभाड्याच्या विवंचनेत आपल्यासारखीच गुंतलेली असतात हे कळणे, हा त्या कुतूहलाचा मोठाच लाभ होय. प्रश्न आहे तो कुतूहलाच्या दिशेचा. हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरील भाषेवर मोहित होणारे आपण भिंतीपलीकडच्या भाषेला हसतो, आणि त्या भाषेने जपलेला आपलाच शब्द ओळखू शकत नाही.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी मी ‘नको’ची रूपे फळ्यावर लिहून दाखविली व शेजारी ‘नक्को’ची दोन वाक्ये लिहिली. वर्ग पुन्हा हसला नाही. पुढच्या तासाला तिने आपल्या आजीच्या तोंडचे तीस-चाळीस शब्द व वाक्ये लिहून आणली. अशा वह्या सोलापुरातील, अक्कलकोटातील, नळदुर्गातील घराघरांतून तयार होऊ शकतील. त्या तयार करणारे हात आज आपल्या वर्गांत आहेत. ज्यांच्याकडून ऐकून घ्यावयाचे त्या आज्या मात्र फार काळ थांबणार नाहीत.