वैमानिकाने मागे ठेवलेली रेखाचित्रे

पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी रणभूमीवर गेली. त्यांत लढाऊ विमानात बसण्याची संधी लाभलेले भारतीय मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्यांपैकी एक. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय दुसरे. १९१८ च्या जून-जुलै महिन्यांत दोघांनीही फ्रान्सच्या मातीत चिरविश्रांती घेतली.

इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झाले. वैमानिक होण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज दृष्टिदोषामुळे नाकारण्यात आला. तेव्हा आपली मोटारसायकल विकून त्या पैशांत त्यांनी एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेतली आणि तो निर्णय फिरवला, असे सांगतात. १९१७ साली ते ‘रॉयल फ्लाइंग कोअर’मध्ये दाखल झाले.

६ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे विमान कोसळले. मृत समजून त्यांना शवागारात ठेवण्यात आले. तेथे शुद्धीवर येऊन त्यांनी आतून दार ठोठावले, अशी हकिकत आहे. जीव वाचला, पण उड्डाणास ते अपात्र ठरले. त्या सक्तीच्या विश्रांतीच्या काळात त्यांनी कागदावर विमाने आणि आकाशातील झुंजी रेखाटल्या. शरीर बिछान्याला खिळलेले असताना मन कोठे भरारी घेत होते, हे ती चित्रे आजही सांगतात. पदके राज्यकर्ते देतात. ही चित्रे मात्र त्यांच्या स्वतःच्या हातची ठेव आहे.

वरिष्ठांची मनधरणी करून जून १९१८ मध्ये ते पुन्हा आघाडीवर, ४० व्या स्क्वाड्रनमध्ये, रुजू झाले. जॉर्ज मॅकेलरॉय या आयरिश वैमानिकाच्या मार्गदर्शनाखाली ६ ते १९ जुलै या अवघ्या दोन आठवड्यांत त्यांच्या नावे दहा हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलैला झुंजीत त्यांचे विमान पेट घेऊन कोसळले. वय अवघे एकोणीस. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हा सन्मान प्रथमच एका भारतीयाला मिळाला, तोही मरणोत्तर.

उत्तर फ्रान्समधील एस्तेव्हेल गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्या शिळेवर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत. परक्या भूमीत पुत्राला त्याची मातृभाषा तेवढी सोबत मिळाली. भारतीय टपाल खात्याने १९९८ साली, जन्मशताब्दीनिमित्त, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

युद्धाच्या दप्तरात दहा हा आकडा शिल्लक राहिला. त्या दहा विमानांतही कुणाची तरी मुले बसलेली होती. आकड्याने शौर्य मोजता येईल. मातांच्या वाट्याला आलेले दुःख मोजता येत नाही. म्हणूनच इंद्रलाल यांना ओळखायचे, तर आधी ती रेखाचित्रे पाहावीत. त्यांतून भेटतो तो उड्डाणाच्या ओढीने झपाटलेला, मिसरूडही नीट न फुटलेला एक मुलगा. युद्धाने त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली आणि ती परत दिली नाही.