एका अक्षराची दुरुस्ती : वेताळ, इंद्रजाल कॉमिक्स आणि आपण

मार्च १९६४. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. तिचा पहिला नायक होता ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम; मराठीत तो ‘वेताळ’ झाला. या भारतीय आवृत्तीत काही नावे बदलण्यात आली. मूळ कथेतील ‘सिंग’ नावाची चाच्यांची टोळी ‘सिंगा’ झाली. ‘बंगाला’ या देशाचे नाव ‘डेंकाली’ झाले. रामा नावाचा मारेकरी ‘रामालू’ म्हणून वावरू लागला. आजचा धागा या दुरुस्त्यांविषयी आहे, आणि जी दुरुस्ती कोणालाच सुचली नाही तिच्याविषयीही.

आधी नावाबद्दल दोन शब्द. ‘वेताळ’ हे भाषांतर विलक्षण चपखल ठरले. मूळ फँटमची ओळख ‘चालणारे भूत’ अशी आहे. इकडे कोकणात आणि गोव्यात वेताळ हा भुतांचा अधिपती आणि गावाचा राखणदार मानला जातो. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून अनेक ठिकाणी त्याला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. फॉकला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु मराठी वाचकाला हा मुखवटाधारी परका वाटला नाही, याचे थोडे श्रेय त्या वहाणांना द्यावे लागेल. दुसरा परिणाम असा झाला की नायकाचे गोरेपण या देशी नावाखाली झाकले गेले.

मूळ कथा १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाली. किपलिंगचे ‘जंगल बुक’ आणि बरोजचा टारझन या प्रभावांतून फॉकने आपले अरण्य उभे केले. सुरुवातीला ते नेमके कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. देशाचे नाव ‘बंगाली’, चाचे ‘सिंग’, काही माणसे मलायी भासणारी, काही आफ्रिकी. पुढे देशाचे नाव बदलत गेले आणि १९६० च्या दशकापर्यंत तो आफ्रिकेत स्थिरावला. त्या काळच्या अमेरिकन वाचकाला ‘पूर्वेकडचे जंगल’ एवढा तपशील पुरेसा होता, हेच यातून दिसते.

आता कथेतील सनावळीकडे पाहू. १५३६ मध्ये सिंग चाचे एका युरोपीय जहाजावर हल्ला करतात. एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागतो आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीच्या नाशाची शपथ घेतो. हा पहिला वेताळ. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली होती. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवजवळ समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत तोच बहादूरशहा मारला गेला. या समुद्रावर पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना चालत असे. तो नसलेले जहाज पकडले वा बुडवले जाई. म्हणजे १५३६ मध्ये अरबी समुद्रात लूटमार कोण करीत होते, या प्रश्नाचे उत्तर चित्रकथेइतके सरळ नव्हते. पुढे मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी चाचेच ठरले. ‘चाचा’ हा शब्द कोणाच्या वहीत लिहिलेला आहे, हे नेहमी पाहावे.

शपथ घेणाऱ्या त्या तरुणाला बुटक्या वनवासी लोकांनी वाचवले. मूळ इंग्रजीत त्यांचे नाव ‘बांदार’. किपलिंगच्या पुस्तकात ‘बंदर-लोग’ हे माकडांचे नाव आहे, हे आठवले की ते खटकल्याशिवाय राहत नाही. हे लोक वासाका नावाच्या टोळीचे गुलाम होते. गोऱ्या पाहुण्याने त्यांची सुटका केली. आणि नंतर? चारशे वर्षे, एकवीस पिढ्या, ते कवटीच्या गुहेचे पहारेकरी राहिले. मुखवटा बापाकडून मुलाकडे गेला. एकविसाव्या वेताळाला शिक्षणासाठी अमेरिकेत धाडण्यात आले. विषारी बाणांचे रहस्य जाणणाऱ्या, त्या अरण्याचा कोपरा न् कोपरा ओळखणाऱ्या बांदारांपैकी कोणी तो मुखवटा चढवावा, ही कल्पना मात्र कथेला शिवत नाही. वसाहतवादाचे तत्त्वज्ञान एवढ्या सुबकपणे सांगणारी दुसरी लोकप्रिय कथा मला तरी आठवत नाही.

फॉकचाच दुसरा नायक जादूगार मँड्रेक १९३४ मधला. त्याचा सोबती लोथार हा सात राष्ट्रांच्या संघाचा राजपुत्र. सिंहासन सोडून तो मँड्रेकचा सेवक होतो. डोक्यावर फेज टोपी, अंगावर बिबट्याचे कातडे आणि तोंडी मोडकी इंग्रजी.

फॉकवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की पुढे तोही बदलला. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स मँड्रेकचा चित्रकार झाल्यानंतर लोथारच्या अंगावरचे कातडे गेले, त्याची भाषा शुद्ध झाली आणि तो सेवकाचा मित्र झाला. वेताळाच्या देशात लमांडा लुआगा हा कृष्णवर्णीय लोकनियुक्त अध्यक्ष आला. वनरक्षक दलाची धुरा कर्नल वोरुबू या आफ्रिकी अधिकाऱ्याकडे गेली. (त्या दलाचा खरा सेनापती मात्र अदृश्यच राहिला, आणि तो कोण हे आपल्याला ठाऊक आहे.) डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी स्त्री झाली, १९७७ मध्ये दोघांचे लग्न लागले.

आता पुन्हा मुंबईच्या संपादनकक्षात येऊ. ‘सिंग’ हे आपल्या माणसांचे आडनाव, ‘राम’ हा आपला देव, ‘बंगाल’ हा आपला प्रांत. ते खलनायकांच्या वा रानटी मुलखाच्या वाट्याला येणे वाचकाला बोचेल, हे तेथील संपादकांनी अचूक ओळखले असणार. बुटके पहारेकरी आणि त्यांची स्वामिभक्ती मात्र भारतीय आवृत्तीतही कायम राहिली. कात्री नेमकी तेथे चालली जेथे आपल्याला दुखत होते. वाचकांनीही तक्रार केली नाही. वाचताना आपण स्वतःला गुहेतल्या सिंहासनावर पाहत होतो. गुहेच्या दाराशी उभे असलेले आपणही असू शकतो, हा विचार स्वातंत्र्यानंतर सतरा वर्षांनीही अवघडच होता.

महाराष्ट्राच्या बाबतीत हे अधिक लागते. हबशी माणूस आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. अ‍ॅबिसिनियातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणले, जमीनमहसुलाची घडी बसवली, खडकी शहर वसवले. १६२६ मध्ये तो वारला, तेव्हा मोगल दरबारच्या इतिहासकारालाही त्याच्या कर्तृत्वाचा गौरव करावा लागला. जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमार कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वचक राखून होते. ही नावे पाठ्यपुस्तकात असलेल्या मुलांच्या हाती चित्रकथेतला आफ्रिकी माणूस आला तो बाण घेऊन पहाऱ्यावर उभा राहिलेला. दोन्ही पाने एकाच दप्तरात होती. ती शेजारी ठेवून पाहावी असे आपल्याला वाटले नाही.

१९७६ मध्ये इंद्रजालने आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आणला. डाकूचा मुलगा, कुर्ता आणि जीन्स घालणारा, गावकऱ्यांचे संरक्षक दल उभारणारा. येथे राखण करणारा गावातलाच होता.

आणि एक नोंद पापुआ न्यू गिनीची. तेथील डोंगराळ भागातल्या वाहगी लोकांमध्ये १९८० च्या दशकात टोळीयुद्धे पुन्हा पेटली, तेव्हा काही लढवय्यांनी आपल्या ढालींवर फँटम रंगवला. ज्याला मरण नाही असा तो वीर ढालीवर असावा, ही त्यामागची कल्पना. गोऱ्या नायकाची कवटी, मुखवटा आणि अमरत्व त्यांनी उचलले. गुहा आणि पहारेकरी तेवढे घेतले नाहीत. त्यांतल्या काही ढाली आज संग्रहालयांत पाहता येतात.