दारात जाऊन विचारणारी संस्था

रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी संस्थेला जी सवय लावली, ती मला तिची खरी कमाई वाटते: ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला आधी जाऊन विचारायचे.

पुण्याच्या फळबाजारापासून सुरुवात झाली, मग मोटार वाहतूक, वाई तालुक्यातली शेती. १९३६-३७ मध्ये खुद्द पुणे शहराची पाहणी झाली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये छापला गेला, दुसरा १९५२ मध्ये. १९५४ मध्ये ना. वि. सोवनी आणि त्यांचे सहकारी पुन्हा पुणेकरांच्या दारात गेले.

अशी मुलाखत घेणे फार अवघड. पगारदार माणूस महिन्याचा आकडा सांगून मोकळा होतो; शेतकऱ्याचे उत्पन्न त्याला एका आकड्यात ठाऊक नसते. किती पिकले, घरी किती ठेवले, बी कुठून आणले, बैल कोणाचे, असे एकेक विचारत तिथवर पोचावे लागते. घरातली बाई काय करते, याचे ‘काही नाही’ हे उत्तर तर तसेच लिहून घेणे म्हणजे तिचे श्रम पुसणे. वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची पाहणी १९५३ मध्ये आली. पोटचे मूल गेलेल्या आईला वर्ष-महिना विचारायचा, तर केवळ प्रश्नावली हातात असून भागत नाही.

या पद्धतीचे बळ कूळकायद्याच्या पाहणीत दिसले. १९४८ च्या कायद्याने कुळांना संरक्षण दिले होते, तरी कुळे स्वखुशीने जमिनी सोडत असल्याच्या नोंदी होत होत्या. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांच्या १९५७ च्या अहवालाने या ‘स्वखुशी’वरच शंका घेतली. दफ्तरात सारे रीतसर होते. गावात जाऊन विचारले नसते तर ते तसेच खरे मानले गेले असते.

१९७१ मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, ही त्यांची रेषा. त्यासाठी वापरलेली आकडेवारी राष्ट्रीय नमुना पाहणीची होती, म्हणजे देशभरातल्या घरांनी धान्य, तेल, मीठ, कपडा किती लागला याची दिलेली उत्तरे.