सात गाड्या, काळी माती आणि रस्त्याकडेचा कॅमेरा

१९६३ च्या पूर्व आफ्रिका सफारी रॅलीत नैरोबीहून ८४ गाड्या निघाल्या. शेवटपर्यंत पोहोचल्या अवघ्या ७. १९६८ मध्ये ९३ निघाल्या आणि पुन्हा सातच टिकल्या. दोन्ही वेळा कारण एकच होते, पाऊस. हा धागा त्या पावसात रस्त्याकडेला कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाविषयी आहे.

दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. केनिया, युगांडा आणि टांगानिका अशा तीन देशांतून ती जाई. पुढे ती ईस्टरच्या सुमारास भरू लागली, म्हणजे तिकडच्या मोठ्या पावसाच्या तोंडावर. रस्ते रहदारीला बंद नसत. ट्रक आणि गुरे चुकवीतच स्पर्धक पुढे जात.

त्या वाटांवर काही भागांत जी माती लागते, ती आपल्या परिचयाची आहे. हिंदुस्थानात रूढ झालेले 'ब्लॅक कॉटन सॉइल' हे नाव तिलाही मिळाले. मराठवाड्यात वा विदर्भात ज्याने भर पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी काढली आहे, त्याला अधिक सांगणे नको.

आता छायाचित्राचा प्रश्न. सामान्य माणसाजवळ असे तो साधा पेटी-कॅमेरा. त्याचे शटर सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागापुरते उघडे राही. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या अवधीत ४० सेंटिमीटर पुढे सरकते; बाजूने टिपली तर चित्रात नुसता फराटा उमटणार. म्हणून जाणता प्रेक्षक गाडी जिथे मंदावते अशी जागा हेरी: ओढ्याचा उतार, अवघड वळण, चिखलाचा खड्डा. ढगांनी प्रकाश कमी होई हे खरे, पण चिखलाने वेग त्याहून अधिक कमी होई. स्वस्त कॅमेऱ्याला संधी मिळे ती वाईट हवामानातच, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत रोचक वाटते.

बाकी हाल होतेच. भिंगावर थेंब पडत, ओल्या रुमालाने पुसावे तर ते अधिकच धुरकट होई. रीळ बदलायचे तर छत्रीखाली, नाहीतर अंगरख्याआड. निम्म्याहून अधिक गाड्या मागे कुठेतरी रुतलेल्या; पुढची येणार की नाही, हेही उभ्या माणसाला ठाऊक नसे. आणि आली, समोरच रुतली, तर? कॅमेरा बाजूला ठेवून खांदा लावायचा, की चित्र घ्यायचे? अनेकांनी खांदा लावला. गाडी ढकलणाऱ्या त्या माणसांची नावे निकालपत्रकात नाहीत; ती दिसतात फक्त छायाचित्रांत.

निकालपत्रकात आहेत ती नावे अशी: दोन्ही वर्षी विजेता निक नोविकी, गाडी प्यूजो ४०४. दोन्ही वर्षी त्या सातांत टिकलेला आणखी एक चालक म्हणजे केनियाचा शीख जोगिंदर सिंग. १९६५, १९७४ आणि १९७६ ची सफारी त्याने जिंकली. १९६८ चे त्याचे यश ज्या वसंतात आले, त्याच वसंतात केनियातील हजारो भारतीय कुटुंबे देश सोडावा की राहावे या विवंचनेत होती.

आणि रस्त्याकडेचा प्रेक्षक? त्यांच्यापैकी एकाचे नाव जगाला कळले. नैरोबीत पंजाबी कुटुंबात जन्मलेला मोहम्मद अमीन शाळकरी वयातच जुन्या बॉक्स ब्राउनीने छायाचित्रे घेऊ लागला, आणि सफारी रॅलीची त्याची छायाचित्रे वृत्तपत्रात झळकली. १९८४ मध्ये इथिओपियातील कोरेम येथे दुष्काळ चित्रित करणारा कॅमेरामन तो हाच. त्याच्यावर स्वतंत्र धागा लवकरच.